लाल टिकली लागण्याआधी

जून 1984. लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत फॅशनच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आपापलं काम मांडत होते. जॉन गॅलियानो नावाच्या पोराने फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या नटव्या पॅरिसकरांवरून कपडे बेतले होते. ‘ब्राउन्स’ या उंची दुकानाच्या मालकीणबाई जोन बर्स्टीन यांनी ते पाहिले आणि सगळेच्या सगळे विकत घेतले. टॅक्सी परवडत नव्हती, म्हणून गॅलियानोने कपड्यांचा रॅक ढकलत ढकलत रस्त्याने दुकानापर्यंत नेला. ते कपडे थेट दर्शनी काचेत लागले. पुढे हाच गॅलियानो दिओरचा मुख्य डिझायनर झाला.

मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमधल्या कलाशाळांमध्ये ‘डिग्री शो’ची धामधूम असते. विद्यार्थी स्टुडिओ रिकामे करतात, भिंतींची भोकं बुजवून पांढरा रंग मारतात, वर्षभराचं काम टांगतात आणि दारं उघडतात. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. मला ही प्रदर्शनं जगातल्या कोणत्याही मोठ्या आर्ट फेअरपेक्षा जवळची वाटतात. कारण इथे कलाकाराचं नाव, भाव, समीक्षा यांतलं काहीच आपल्याआधी पोचलेलं नसतं. पाहणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं. ज्यांनी ठरवलं, त्यांचे किस्से तर ऐकण्यासारखेच.

हप्त्याने घेतलेली प्रतिभा

सेंट मार्टिन्समधलाच अलेक्झांडर मॅक्वीनचा पदव्युत्तर शो 1992चा, उन्हाळ्याच्या थोडा आधीचा. विषय: जॅक द रिपर. कपड्यांच्या अस्तरांत त्याने माणसांचे केस वापरले होते. फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांना बसायला जागाही मिळाली नव्हती. तरी त्यांनी अख्खं कलेक्शन 5,000 पौंडांना घेतलं, तेही आठवड्याला 100 पौंड या हप्त्याने! पुढच्याच वर्षी, 1993मध्ये, तिथल्याच हुसेन चलायन या विद्यार्थ्याने लोखंडाचा कीस लावलेले कपडे बागेत पुरून ठेवले आणि गंज चढल्यावर उकरून काढून मंचावर आणले. ‘ब्राउन्स’ने तेही काचेत मांडले.

95 लाख पौंडांचं स्टूल

मॅक्वीनच्याच वर्षी, 1992मध्ये, ग्लासगो कलाशाळेतून जेनी सॅव्हिल बाहेर पडली. तिच्या पदवीच्या कामातलं ‘प्रॉप्ड’ हे चित्र म्हणजे उंच स्टुलावर कशीबशी तोललेली, कॅनव्हासभर पसरलेली विवस्त्र स्त्री. रंगात मजकूर कोरलेला, पण उलटा, आरशात पाहिला तरच वाचता येणारा. जाहिरात क्षेत्रातले बडे संग्राहक चार्ल्स साची यांची नजर तिच्या कामावर गेली. त्यांनी ते घेतलं आणि पुढचं कामही करायला सांगितलं. ऑक्टोबर 2018मध्ये ‘प्रॉप्ड’ लंडनच्या लिलावात सुमारे 95 लाख पौंडांना गेलं. हयात स्त्री-कलाकाराच्या कामाला लिलावात तोवर इतकी किंमत आली नव्हती. पण त्याच संध्याकाळी, त्याच लिलावघरात, भित्तिचित्रकार बँक्सीचं चित्र विकलं जाताच चौकटीतल्या यंत्रातून आपोआप अर्धं कातरलं गेलं आणि जगभर बातमी झाली ती त्याची. मला विचाराल तर त्या रात्रीची खरी बातमी सॅव्हिलचीच होती.

कॉलेजची वाट न पाहणारे

1988च्या उन्हाळ्यात गोल्डस्मिथ्स कॉलेजचा विद्यार्थी डेमियन हर्स्ट याने लंडनच्या गोदी भागातली एक रिकामी इमारत मिळवली आणि सोबत्यांना घेऊन ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवलं. एकूण सोळा जण होते. सारा लुकास, गॅरी ह्यूम, मॅट कॉलिशॉ ही पुढे गाजलेली नावं त्यांतलीच. हर्स्टने स्वतः काय मांडलं होतं? रंगवलेली पुठ्ठ्याची खोकी. त्याचा पुढे गाजलेला फॉर्मलीनमधला शार्क अजून काही वर्षं दूर होता. रॉयल अकॅडमीच्या नॉर्मन रोझेन्थल यांना तर हर्स्ट स्वतः गाडीने घेऊन आला. साचीही येऊन गेले. ‘माझं काम चांगलं आहे, लोक येतील’ असं म्हणत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा किस्सा सांगावासा वाटतो.

टोस्टर, पाच सेकंदांचा

माझा सगळ्यात लाडका नमुना 2009चा, रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधला. थॉमस थ्वेट्स या विद्यार्थ्याने ठरवलं, टोस्टर बनवायचा, पण अगदी मुळापासून! बाजारातला चारेक पौंडांचा टोस्टर खोलला तर आत 400हून जास्त भाग निघाले. मग स्वारी खाणींकडे निघाली. लोहखनिज आणलं आणि ते शेवटी मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं. अभ्रक स्कॉटलंडचं, तांबं वेल्समधल्या जुन्या खाणीच्या पाण्यातून. प्लास्टिकसाठी बटाट्याच्या स्टार्चपासून टाकाऊ प्लास्टिकपर्यंत सगळं करून पाहिलं. नऊ महिने आणि 1,187 पौंड खर्चून तयार झालेला तो ओबडधोबड पिवळा टोस्टर विजेला जोडल्यावर पाचेक सेकंद तापला आणि आतली तार वितळली. स्वस्त वस्तूमागे केवढं जग राबत असतं, हे इतक्या थेट सांगणारं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी, त्याच कॉलेजात, मिन-क्यू चोई याने ब्रिटनचा जाडजूड तीन पिनांचा प्लग घडी घालून सपाट करून दाखवला. पुढच्या वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमचा ‘डिझाइन ऑफ द इयर’ सन्मान त्यालाच मिळाला.

थोडी बंडखोरी

चित्रकार डेव्हिड हॉकनीने याच रॉयल कॉलेजात लेखी निबंध द्यायला नकार दिला. पदविका मिळणार नाही असं दिसताच त्याने 1962मध्ये ‘द डिप्लोमा’ नावाचं एचिंग करून आपली पदविका आपणच छापली. कॉलेज नमलं, पदविका दिली, वर सुवर्णपदकही.

आणि लीड्सचे ते तेरा कलाविद्यार्थी! 1998मध्ये प्रदर्शनासाठी मिळालेल्या हजारेक पौंडांत आम्ही स्पेनला मजा करून आलो, असं त्यांनी जाहीर केलं. वर्तमानपत्रं खवळली. मग कळलं की समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो इंग्लंडातल्याच स्कारबरोचे, रापलेली कांती कृत्रिम उन्हाच्या यंत्रातली आणि पैसे बँकेत जसेच्या तसे. तो बनाव हीच त्यांची कलाकृती होती.

सगळ्याच आठवणी अशा गमतीच्या नाहीत. ग्लासगो कलाशाळेचा 2014चा मे जिवाला चटका लावतो. प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच वास्तुकार मॅकिन्टॉशने आखलेल्या तिथल्या इमारतीला आग लागली आणि कित्येकांचं वर्षभराचं काम जळून गेलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या विद्यार्थ्यांना पुन्हा उभं राहता यावं म्हणून खास शिष्यवृत्त्या उभ्या केल्या गेल्या.

जायचं असेल तर

गॅलियानोची सेंट मार्टिन्स आता ‘सेंट्रल सेंट मार्टिन्स’ म्हणून लंडनच्या किंग्ज क्रॉसजवळ आहे, 1852च्या जुन्या धान्यकोठारात. एकाच छताखाली देशभरातले नवे डिझायनर पाहायचे असतील, तर लंडनमध्येच इस्लिंग्टनला ‘न्यू डिझायनर्स’ असतं. 1985पासून चालू असलेल्या या प्रदर्शनात सुमारे तीन हजार पदवीधर येतात, मात्र त्याला तिकीट आहे. त्याची इमारत 1862ची, मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेली. कुठेही गेलात तरी कलाकार बहुधा कामाशेजारीच उभा असतो. त्याला विचारा, कसं केलं, का केलं. मोठं चित्र परवडत नसेल तर छोटी छापचित्रं बघा.

लंडन लांब वाटत असेल, तर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. 1857पासूनची ही शाळा. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हा लुगडं नेसून पूजेला निघालेल्या तरुणीचा पुतळा 1896च्या सुमारास प्लास्टरमध्ये घडवला, तेव्हा ते तिथले विद्यार्थीच होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या शिल्पावर लेख लिहिला. राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. तिथे चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागायच्या आत पोचा आणि आवडलेल्या कामाखालचं नाव वहीत लिहून घ्या.