शाळूचा केक सगळ्यांसाठी

१४ एप्रिलला विहारात केक कापला की सीलिॲक आजार असलेलं लेकरू हात मागे घेतं. गहू, मैदा, रवा, जव यांतलं ग्लुटेन त्याच्या आतड्याला इजा करतं. जुलाब होतात, रक्त कमी होतं, वाढ खुंटते. संशय आला तरी गहू लगेच बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारून टीटीजी ही रक्ततपासणी करा. गहू सोडल्यावर ती फसू शकते.

आम्ही विश्रामबागला शाळूचा केक करतो. शाळूत ग्लुटेन नसतं, महागडं पीठही लागत नाही. गिरणीत गहू मिसळतो, म्हणून घरीच मिक्सरला बारीक करून दोनदा चाळा.

३ अंडी, पाऊण वाटी साखर १० मिनिटं फेसा. पाव वाटी तेल, पाव वाटी दूध घाला. १ वाटी पीठ, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, १ चमचा बेकिंग पावडर हलक्या हातानं मिसळा. पाकिटांवर गहू लिहिलेला नाही ना, ते वाचा. डब्याला तेल लावून शाळूचंच पीठ भुरभुरा.

कुकरची शिट्टी, रबर काढा. तळाशी मीठ, वर स्टँड, पाणी नको. १० मिनिटं तापवून डबा ठेवा, मंद आचेवर ४० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. गार झाल्यावरच कापा, नाहीतर चुरा होतो.

जयंतीला हाच केक सगळ्यांनी खावा. त्या लेकराला वेगळा तुकडा नको. जय भीम!