फळांचा कॉबलर : ओव्हन नसलेल्या घरासाठी



कॉबलर म्हणजे जोडे दुरुस्त करणारा, एवढे आपण इंग्रजी शाळेत शिकलेलो असतो. तेव्हा 'फळांचा कॉबलर' असे कोणी म्हटले की प्रथम हसू येते. माझ्या आईलाही आले होते. माझी धाकटी बहीण अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहते. गेल्या वर्षी मेअखेरीस फोनवर बोलताना ती म्हणाली, "आई, इकडे पीच बाजारात आले. शेजारच्या आजींनी काल कॉबलर करून पाठवला होता." आईने विचारले, "म्हणजे काय गं?" बहिणीने सांगितले ते फोनवर अर्धे कळले, अर्धे नाही. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "तिकडे माझी मुलगी काय खाते ते मला काही माहीत नाही. तू एवढा शिकलेला, एकदा करून दाखव."

आई ऐंशीच्या घरातली. तिकडे जाऊन मुलीचे घर पाहण्याइतके तिच्या गुडघ्यांत बळ उरलेले नाही. तेव्हा ही मागणी काही गोड खाण्याची नव्हती, हे मला उमगले. म्हणून पुस्तके बाजूला ठेवून मी कामाला लागलो. त्या खटाटोपात जे शिकलो, ते आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम, कॉबलर म्हणजे काय ते पाहू या. खोलगट भांड्यात फळांच्या फोडी, साखर आणि थोडे पीठ घालावयाचे; त्यावर सैलसर पिठाचे गोळे ठेवावयाचे; आणि सारे मिळून भाजावयाचे. खाली फळांचा दाट पाक होतो, वर खरपूस, खुसखुशीत थर येतो. हे वरचे गोळे फुगून एकमेकांना टेकले की गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात. त्यावरूनच हे नाव पडले, असे काही जण सांगतात. हा पदार्थ अमेरिकेतला. जॉन रसेल बार्टलेट यांच्या अमेरिकन शब्दांच्या कोशात १८५९ सालीच त्याची नोंद आहे.

आता गंमत अशी की, हा पदार्थ ओव्हन नसलेल्या माणसांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हजारो कुटुंबे छपराच्या गाड्या जुंपून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाली. वाटेत महिनोन् महिने मुक्काम उघड्यावर. बरोबर पिठाचे पोते, सुकवलेली सफरचंदे आणि पीच, आणि जाड बिडाचे झाकणाचे भांडे. हे भांडे निखाऱ्यांवर ठेवावयाचे आणि झाकणावरही निखारे घालावयाचे, म्हणजे झाली भट्टी! पिठाला फुगवण्यासाठी सोडा लागे. तो संपला तर वाटेवरच्या खाऱ्या तळ्यांच्या काठी साठलेला पांढरा क्षार खरवडून घेत. घर सुटलेल्या माणसांनी घरच्या चवीसाठी केलेली ही धडपड आहे. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींच्या हातून, पीचचा कॉबलर नावारूपाला आला.

पीठ फुगते कसे, हे शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे येतात. तो कर्बद्विप्राणिद वायू, ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. पेल्याच्या तोंडाशी जळती काडी नेली तर ती विझते. सोडा आणि आंबट पदार्थ यांची गाठ पडली की हा वायू सुटतो. पिठात त्याचे बुडबुडे अडकतात, उष्णतेने फुगतात आणि तोवर पीठ भाजून घट्ट झाले की जाळी तशीच राहते. बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि कोरडे आम्ल यांची एकत्र पूड. ओलावा मिळेपर्यंत दोघेही गप्प बसतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ साली अशी पावडर केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्टचा पाव सोसत नसे. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ साली फॉस्फेटयुक्त आम्लाचे पेटंट घेतले. आजाऱ्याच्या पथ्यातून निघालेली ही वस्तू, बरं का! तुमच्या डब्यातली पावडर जुनी असेल, तर चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसली तर ठीक, नाही तर नवी आणा.

आता प्रमाण सांगतो. चार-पाच माणसांना पुरेल.

फळांसाठी : अर्धा किलो फोडी (साल व कोय काढल्यानंतरचे वजन), ७५ ग्रॅम साखर, एक मोठा चमचा मैदा, एक लहान चमचा लिंबाचा रस.

वरच्या थरासाठी : १५० ग्रॅम मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, ४० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, ५० ग्रॅम थिजलेले तूप (लोणी असल्यास ६० ग्रॅम), आणि सुमारे १०० मिलिलिटर थंड दूध. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेतली तरी चालते. दूध मात्र जरा जास्त लागेल.

फळ कोणते घ्यावे? पीच आपल्याकडे हिमाचल, उत्तराखंडातून येतात आणि महाग पडतात. पण पीचच हवे असा नियम नाही. आम्ही आंबा घेतला. वाऱ्याने पडलेले, एका बाजूने डागी झालेले आंबे दर मे महिन्यात आपल्या दारी वाया जातात. डाग कापून टाका. मात्र वास आंबूस येत असेल किंवा बुरशी दिसत असेल, तर ते फळ पूर्णच फेका; तिथे काटकसर नको. सुरीने फोडी होतील असा घट्ट आंबा घ्या, फार पिकलेल्याचा रस होतो. पेरू, सफरचंद, चिकू, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सारे चालते. अमेरिकेत रानातल्या ब्लॅकबेरीचा कॉबलर करतात. आपल्याकडे काळीभोर पिकलेली करवंदे तिची जागा घेऊ शकतील. करवंदाला साखर थोडी अधिक लागते, चिकूला कमी.

आता कृती. फोडींना साखर, मैदा आणि लिंबू चोळून पंधरा मिनिटे ठेवा. साखर फळातले पाणी ओढून घेते, म्हणून खाली रस सुटलेला दिसेल. घाबरू नका. चमचाभर मैदा त्याच रसाला पुढे दाटपणा आणतो. मैद्यातले पिष्ट तापले की पाणी पिऊन फुगते; आपल्या पिठल्यात होते तेच. मात्र रस चांगला खदखदला पाहिजे, नुसता कोमट होऊन भागणार नाही. म्हणून हे मिश्रण पातेल्यात एक उकळी येईपर्यंत गरम करून मगच भाजण्याच्या भांड्यात ओता. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे असावे. कल्हई नसलेले पितळी भांडे मुळीच नको. आंबट फळ त्यात कळकते, हे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसरीकडे मैदा, बेकिंग पावडर, साखर, मीठ एकत्र चाळून त्यात थिजलेले तूप बोटांच्या अग्रांनी चोळा. करंजीच्या पिठाला आपण मोहन घालतो तसे, पण हे मोहन कडकडीत नव्हे, थंड. रवाळ दिसू लागले की दूध घाला आणि चमच्याने चार-सहा वेळा ढवळून थांबा. मळू नका! मळले की पिठातली चिकटाई वाढते आणि वरचा थर चिवट होतो. चपातीला जी चिकटाई हवी, ती इथे नको. पीठ चमच्यातून धबकन पडेल इतके सैल असावे. त्याचे सात-आठ गोळे गरम फळांवर, मध्ये बोटभर फट ठेवून सोडा. फटीतून वाफ निघते आणि रस वर येतो.

ओव्हन असेल तर तो आधी तापवून १९० अंश सेल्सियसवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवा, झाकण लावून दहा मिनिटे तापवा आणि मग कॉबलरचे भांडे आत ठेवा. कुकर वापरावयाचा असेल तर शिट्टी आणि रबरी कडे काढून ठेवलेच पाहिजे.

इथेच माझी फजिती झाली. पाऊण तासाने काढले तर खाली रस खदखदतोय आणि वरचे पीठ पांढरेफटक, आतून कच्चट. शिवाय मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहत होतो, त्यामुळे आतली ऊब निघून जात होती. मी तापमान, वायू, पिष्ट असे काहीबाही आईला समजावू लागलो. ती ऐकत बसली आणि मग म्हणाली, "अरे, वरून आच कुठाय? धोंडस विसरलास का?"

कोकणातल्या वाचकांना धोंडस सांगायला नको. तवशाचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ. पातेले चुलीवर आणि झाकणावर निखारे. गोव्यातली बिबिंकही अशीच वरच्या आचेवर थर थर भाजतात. बिडाच्या भांड्यावर निखारे रचणारी ती गाडीतली माणसे आणि माझी आजी, दोघांनाही एकच गोष्ट कळली होती : उष्ण हवा वर जाते खरी, पण पदार्थाची पाठ लाल व्हायची तर तिला वरून थेट आच हवी. मी मात्र पदवी घेऊन ती विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या चुलीवर आईच्या देखरेखीखाली पुन्हा केला. खाली थोडे निखारे, झाकणावर त्याच्या दुप्पट. वाळू नाही, काही नाही, फक्त तिवई. चाळीस मिनिटे झाकणाला हात लावला नाही. उघडले तेव्हा वरचे गोळे बदामी झाले होते आणि फटींतून केशरी रस बुडबुडत होता. गोळ्यात काडी खुपसली, ती कोरडी निघाली. हीच परीक्षा. एक सूचना महत्त्वाची : निखाऱ्यांचे हे काम अंगणात किंवा मोकळ्या हवेतच करा. बंद खोलीत निखाऱ्यांतून विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

भाजून झाल्यावर वीस मिनिटे थांबा. निवताना पाक दाटतो, आणि गरम पाकाने जीभ पोळत नाही. वरून थोडी साय किंवा दूध घेतले की झाले. उरला तर दुसऱ्या दिवशी संपवा. फळाचा पदार्थ आपल्या हवेत टिकत नाही. आणि गोड आहे, म्हणून सणावारीच बरा.

आईने वाटीभर खाल्ला. मग बहिणीला फोन लावायला सांगितला. म्हणाली, "तुझा तो कॉबलर केला गं आम्ही. अगं, आपल्या धोंडसाचीच बहीण आहे ती! शेजारच्या आजींना सांग, पुढच्या वेळी तुला धोंडस करून द्यायला शिकवते." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग बहीण म्हणाली, "आई, प्रमाण सांग. लिहून घेते."

तुमच्याही घरातले कोणी दूर गेले असेल, तर त्याला एकदा विचारा, तिकडे काय खातोस म्हणून. आणि करून पाहा. एवढे सांगून आपली रजा घेतो.