जंगलातली वाट आणि जुनी जोती

डोंगर, जंगल, धबधबे ही पैसेवाल्यांची हौस, असे आपल्या घरांत अजूनही बोलले जाते. आम्हीही तेच म्हणत होतो. मागच्या हिवाळ्यात मात्र भाकरी-चटणी बांधून मुलाबाळांसह वासोट्याला निघालो.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठायची. तिथून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँच. पलीकडे वनखात्याकडे नावे लिहायची, नेलेले प्लॅस्टिक परत आणायचे, अंधाराआधी उतरायचे. हे कोयना अभयारण्य १९८५ साली झाले. २०१० साली ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. चांदोलीला सांगलीकरांनी शिराळ्याकडून जावे. इथे गवा, अस्वल, बिबट्या आहे. वाट सोडू नये, आरडाओरडा करू नये.

झाडीत जुन्या घरांची जोती दिसली. "इथं कोण राहत होतं?" धाकटीने विचारले. धरणासाठी आणि पुढे जंगलासाठी कित्येक गावे उठली, हे तिला सांगताना आमचाच घसा दाटला. उठलेली माणसे आपल्यासारखीच कष्टकरी होती.

पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते. तेव्हा ठोसेघर किंवा नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहावा. मात्र कठड्यापलीकडे जाऊ नये. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी एकाएकी वाढते.

वाचकहो, मुलांना जंगल जरूर दाखवा. आणि वाटेत जोती दिसली, तर घटकाभर थांबून ती कुणाची, हेही सांगा.