कागदावरचं पाणी

शेततळ्यातल्या प्लास्टिकला शेतकरी प्लास्टिक म्हणत नाहीत, ‘कागद’ म्हणतात. कागद आला, कागद अंथरला, कागदाला उंदरानं भोक पाडलं. जालना जिल्ह्यातल्या ज्या शेतात मी फेब्रुवारीच्या एका दुपारी उभा होतो, तिथला पाचशे मायक्रॉनचा काळा कागद चार दिवसांपूर्वीच अंथरला होता. वारा सुटला की तो तळापासून फुगायचा आणि धप्पकन खाली बसायचा.

“कोरडा ठेवला की टिकत नाही ह्यो,” शेताचे मालक म्हणाले. “फूटभर तरी पाणी पायजेच. नाही तर वारा फाडतो, ऊन खातं.”

पाणी नव्हतं. ते आणायला बोअरची गाडी बांधावर येऊन थांबली होती.

खरं तर शेततळं आधी, मग त्यात भरायला बोअर, हा क्रमच उलटा आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवावं, पीक माना टाकू लागलं की एक-दोन पाणी द्यावं, यासाठी शेततळं. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान दिलं, तेव्हाही कल्पना हीच होती. पण त्या योजनेतच दोन प्रकार होते: इनलेट-आउटलेट असलेलं तळं आणि नसलेलं तळं. दुसऱ्या प्रकारात वाहतं पाणी आत येणार कुठून, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीतून, बोअरमधून.

हिशेब करून बघा. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उताराच्या बाजूंचं तळं. त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर पाणी मावतं. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर तळ्याच्या तोंडातून थेट पडणार साडेचार लाख लिटर. खोदलेली माती चहूबाजूंनी रचून बांध शिवारापेक्षा उंच केला, की शिवारातलं पाणी बाहेरच्या बाहेर निघून जातं. उरलेले साडेसतरा लाख जमिनीच्या पोटातूनच काढायचे.

गाडीचा नंबर तमिळनाडूचा होता. देशभर फिरणाऱ्या बोअरच्या गाड्यांचं माहेर म्हणजे नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे. तिथून निघालेल्या गाड्या महिनोन्‌महिने घरी जात नाहीत. एका ट्रकवर मनोरा, दुसऱ्यावर कंप्रेसर. गाडीवरची पोरं आमच्याशी हिंदीत बोलत होती, आपसात तमिळमध्ये. शेतकऱ्याशी घासाघीस करायला स्थानिक एजंट होता. दर फुटावर, तीनशे फुटांनंतर चढता, केसिंग पाइपचे पैसे वेगळे. जागा मात्र पाणाड्यानं दाखवलेली होती. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका ठिकाणी उभा राहिला म्हणे. मी हसलो नाही. पाणाड्यावर सगळा महाराष्ट्र आजही पैसे लावतो, आणि जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारनंच पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करून घ्यावी असं सुचवलं होतं. फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे मोटेनं उपसायची विहीर होती, आठशे फुटांचं बोअर नव्हे.

हातोडा सुरू झाला. आधी मुरूम उडाला, पिवळट. पन्नास-साठ फुटांवर करड्या रंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची कपची यायला लागली. हा मांजऱ्या खडक, सच्छिद्र, त्यातल्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरलेल्या. मग काळा पाषाण: पिठासारखी निळसर भुकटी, कोरडी ठक्क. मध्येच एका थराला विटकरी लाल धूळ आली आणि मालक पुढे सरकले. दोन लाव्हांच्या मधला हा लाल मातीचा थर. त्याच्या आसपास पाणी लागतं असा इकडचा अनुभव. लागलं नाही. पोरानं दर वीस फुटांच्या रॉडनंतर मूठभर चुरा ओळीनं मांडून ठेवला होता. त्या ढिगांची रांग म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा उभा छेद होता. मालक रांग पाहत नव्हते, रॉड मोजत होते.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग या बेसाल्टवर बसलेला आहे, आणि बेसाल्ट म्हणजे नदीकाठची वाळू नव्हे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खडकाच्या एकूण घनफळापैकी जेमतेम दोन टक्के पाणी उपसता येतं असं धरलं, तर पाऊस नसताना कोरडं तळं पूर्ण भरायला लागणाऱ्या बावीस लाख लिटरसाठी एक लाख दहा हजार घनमीटर भिजलेला खडक रिता करावा लागतो. एक हेक्टर शिवाराखालचा अकरा मीटर जाडीचा थर. एका तळ्यासाठी. आणि त्या थरावर शेजाऱ्याची विहीर आहे, गावाची नळयोजना आहे.

खोल गेलं की वेगळं पाणी लागतं, ही समजूत घट्ट आहे. काही ठिकाणी भेगा खरंच सापडतात. पण त्यांना वरूनच पाझर मिळत असल्यानं खाली उपसा सुरू झाला की वरचं पाणी खाली ओघळतं आणि आजोबांनी बांधलेली पन्नास फुटी विहीर डिसेंबरातच तळ दाखवते. याच शेतात ती होती. कड्यावर बाभूळ उगवलेली, आत पोरांनी टाकलेले दगड.

बाहेर आलेलं पाणी उघड्यावर पडतं ते वेगळंच. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर धरा, भरलेल्या तळ्यावरून रोज सात हजार लिटर उडतात. पातळी उतरेल तसा पृष्ठभाग आकसतो, तरी शंभर दिवसांत पाच-सहा लाख लिटर गेलेच. जमिनीखाली ज्या पाण्याला ऊन लागत नव्हतं, ते वीज जाळून उन्हात आणून ठेवायचं, असा हा व्यवहार. २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये ईश्वर काळे यांनी महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या अशाच वापरावर बोट ठेवलं होतं.

मग शेतकरी मूर्ख आहे का? मी मालकांना हे इतक्या उर्मटपणे विचारलं नाही, पण त्यांना रोख कळला. म्हणाले, “२०१२ला माझी दोनशे मोसंबीची झाडं वाळली. टँकरनं जगवली मार्चपर्यंत. मग सरपणाला विकली. बारा वर्षांचं झाड होतं साहेब.” जरा थांबून म्हणाले, “बोअरचं पाणी आज हाय. एप्रिलात असंल का नसंल, कुणी सांगावं? अन् मी नाही उपसलं तर बाजूचा उपसतोयच की.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. जमिनीत मुरलेलं पाणी सगळ्यांचं असतं, म्हणजे जो आधी काढेल त्याचं. कागदावर आलेलं पाणी मात्र ज्याचं त्याचं. १८८२च्या इंग्रजी कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, हीच समजूत चालत आलेली. महाराष्ट्रानं २००९चा भूजल कायदा केला, त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून अधिसूचित क्षेत्रात मनाई केली. साठ मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. माझ्यासमोरचा रॉड तेव्हा चारशेवीस फुटांवर होता.

शिवाय विजेचं गणित आहे. बोअरला धार बारीक, तिच्यावर ठिबक नीट चालत नाही. लाईट येते तीही बऱ्याचदा रात्री. तासाला पाच हजार लिटर, आठ तास, म्हणजे रोज चाळीस हजार. रात्रभर मोटार तळ्यात सोडून द्यायची आणि सकाळी तळ्यातून बागेला द्यायचं. बावीस लाखांना पंचावन्न रात्री लागतात. २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. त्यामुळे त्या पंचावन्न रात्रींचं बिलही राहिलं नाही.

जालन्याच्या बाबतीत बोअरची ही गत मनाला जास्त लागते, कारण प्यायच्या पाण्यासाठी बोअर घेण्याच्या देशातल्या सुरुवातीच्या कामांत हे गाव होतं. इथल्या आणि सोलापूरच्या मिशनच्या कार्यशाळांत टिकाऊ लोखंडी हातपंप घडले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ आला आणि जगभर गेला. तेव्हा बोअर म्हणजे बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारी गोष्ट.

आणि जालना जिल्ह्यातच कडवंची हे गाव आहे. तिथे शेततळी शेकड्यांनी आहेत, द्राक्षं आहेत, पण १९९०च्या दशकात आधी पाणलोटाची कामं झाली, तळी मागून आली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारनं तर शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ही उदाहरणं भाषणांत इतकी झिजली आहेत की लिहितानाही संकोच वाटतो. पण दोन्हीकडे आधी गावानं बसून ठरवलं, तळ्यात किती आणि मोटारीला किती ते नंतर, हे भाषणात येत नाही. बांधावर एकटा उभा असलेला माणूस तसं काही ठरवू शकत नाही. तो फक्त रॉड मोजू शकतो.

चारशेऐंशीवर भुकटी ओलसर झाली. पाचशेवीसला गढूळ फवारा उडाला, पोरं बाजूला पळाली, मालकांच्या टोपीवर राखाडी चिखल बसला आणि तो त्यांनी पुसला नाही. “दीड इंच,” एजंट धारेकडे पाहून म्हणाला. मालक म्हणाले, “दोन धर.” आणखी ऐंशी फूट घ्यायचे की थांबायचं यावर वाद झाला. घेतले. धार वाढली नाही, बिल वाढलं.

अंधार पडताना पोरानं केसिंगच्या तोंडाला टोपण बसवलं आणि त्यावर दगड ठेवला. कागदाच्या उतारावरून मालकांच्या मुलानं जाड दोर खाली सोडला, दोन्ही टोकांना मोटरसायकलच्या ट्यूब बांधून. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, आत पडलेलं पोर वर येऊ शकत नाही. दोर बांधला तेव्हा तळ्यात अजून एक थेंबही नव्हता.

एजंट गाडीच्या टपाला टेकून फोनवर होता. पलीकडच्या बांधावरचा माणूस तिन्हीसांजेपासून तिथंच उभा राहून पाहत होता. तो खाली उतरून आला, मालकांना म्हणाला, “लागलं का?”

“लागलं. पाचशेवीसला.”

तो एजंटकडे वळला. “उद्या गाडी रिकामी हाय का?”