टाळी वाजवा, मात्रा मोजा!

मुलांनो, 'शाळा'ला जुळणारा शब्द सांगा पाहू! फळा? चालेल. पण 'रंकाळा' म्हणून बघा. कानाला जास्त गोड लागतो ना? कारण तिथं नुसता 'ळा' नाही, आधीचा 'आ'सुद्धा जुळतो. हे झालं यमक. तिसरी-चौथीच्या वर्गात यमकं अशी भराभर पडतात, की थांबवावं लागतं! पण नुसतं यमक म्हणजे कविता नव्हे. तिला चालही लागते.

ती टाळीनं मोजता येते. ऱ्हस्व अक्षराला एक टाळी, दीर्घाला दोन. अनुस्वार असलेल्यालाही दोन. या टाळ्या म्हणजे मात्रा. 'कमळ' आणि 'रंकाळा', दोन्हींत अक्षरं तीनच. पण मात्रा कमळाच्या ३ आणि रंकाळ्याच्या ६! 'कोल्हापूर' नि 'पंचगंगा' मात्र ७-७, अगदी सारख्या तोलाचे.

अशी मोजणी मन लावून करणारे कवी माधव जूलियन आमच्या कोल्हापुरातच, राजाराम कॉलेजात शिकवत. मराठी छंदांवरचा त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ १९२७ साली आला, आणि वाढवलेली आवृत्ती १९३७ साली.

पालकांनो, मूल मोजताना अडखळलं तर रागावू नका. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याला तिच्याजवळ बसवा. तिथं हिशेब इतका काटेकोर नसतो. अक्षर कमी पडलं की आजी गाताना स्वर लांबवते. कुठं लांबवते, ते मुलानं ओवीसकट वहीत टिपून घ्यावं. दळण गिरणीत गेल्यापासून या ओव्या फारशा कानावर पडत नाहीत, आणि आजीची ओवी बहुधा कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही.