उतरवलेल्या तारांची गिटार

आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ म्हटलं की मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार डोळ्यांपुढे येते. चकलांब्यात बसून मीही अनेक वर्षं तेवढंच धरून होतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेतली ब्रिजभूषण काब्रांची मींड किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. तिचं मूळ शोधत गेलो तेव्हा कळलं, की हवाईत आणखी एक गिटार आहे. साधीच, छातीशी धरून बोटांनी छेडायची. तिचं नाव ‘की होआलू’, म्हणजे खुंटी सैल कर.

तिची गोष्ट गुरांपासून सुरू होते. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. राजाने ती मारायला बंदी घातली आणि ती इतकी वाढली, की १८३० च्या दशकात त्यांना आवरायला मेक्सिकोतून घोडेस्वार गुराखी बोलवावे लागले. गिटार आली ती त्यांच्यासोबत. हवाईच्या लोकांनी मग आपल्या गाण्याला मानवेल तशी ती लावून घेतली.

नेहमीच्या गिटारीची सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी एक स्वर उतरवायची. तिसऱ्या तारेला सा धरला, तर जाड तारेपासून क्रम येतो : प सा प सा ग प. डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता सगळ्या तारा छेडा, अख्खा मेळ घुमतो. तंबोरा ऐकून वाढलेल्या कानाला हे चटकन पटतं. या जुळणीचं नाव ‘टॅरो पॅच’, म्हणजे अळूचा वाफा. आमच्याकडे त्याला चमकुरा म्हणतात आणि आम्ही पानांच्या वड्या करतो. तिकडे त्याचा कंद कुटून केलेली ‘पोई’ हे रोजचं अन्न. रोजच्या अन्नाचं नाव सुरांना देणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

अंगठा खालच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरतो आणि वर बोटं गाणं म्हणतात. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं शिवून बोट उचललं, की घंटेसारखा स्वर निघतो. मला ते साधायला महिने लागले. बोट जरा दाबलं गेलं की स्वर मुका.

अशा कितीतरी जुळण्या घराघरांनी गुपित म्हणून जपल्या. आपल्या घराण्यांनी चिजा जपल्या, तसंच. गॅबी पाहिनुई यांच्या ध्वनिमुद्रिकांनी हे वादन घराबाहेर आलं, आणि १९७३ मध्ये केओला बीमर यांनी ते शिकवणारं पुस्तकच काढलं. गुपित फोडलं म्हणून कुणी दुखावलं असेलही. माझ्यासारख्याला मात्र दार त्यामुळेच उघडलं. गॅबींसोबत वाजवणारे राय कूडर पुढे विश्वमोहन भट्टांसोबत बसले, आणि त्या दोघांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

एकादशीला भजन संपल्यावर ओट्यावर गिटार काढली. आमचे विणेकरी तात्या जवळ येऊन बसले.

“लेका, तारा ढिल्या झाल्या का रं?”

“उतरवल्यात, तात्या.”

त्यांनी अंगठ्याने साऱ्या तारा एकदा छेडल्या, डोळे मिटून नाद विरेपर्यंत ऐकलं. “मोकळीच बोलती की ही. आपल्या विण्यावाणी.” मग पहिल्या तारेकडे बोट दाखवलं. “ही अजून जराशी उतरव. चढी हाय.”

खरंच चढी होती.