मगन चुलीचा माग

समुद्रपूर तालुक्यातल्या जुन्या मातीच्या घरांत अजूनही कुठे कुठे एक वेगळीच चूल दिसते. एका ओळीत दोन भोकं, पुढे लहानसं तोंड आणि मागून छपराबाहेर गेलेली नळी. नळी बहुधा फुटलेली असते आणि चुलीवर पऱ्हाटीचा भारा रचलेला असतो. विचारलं तर 'सरकारी चूल' एवढंच उत्तर मिळतं. घरकुल मंजूर झालं की जुन्या भिंतींबरोबर तीही पडते. पण या चुलीचं घराणं फार मोठं आहे आणि त्याचा उगम आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली संत्र्याची बाग दिली. १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजी तिथेच राहत. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि गूळ यांचा विचार अर्थशास्त्राच्याच गांभीर्याने करत होता. त्या प्रयोगांतून वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप आला आणि मगन चूलही आली. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी, उरलेला धूर धुराड्यातून बाहेर आणि सगळं बांधकाम मातीचं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे.

कुमारप्पांच्या मांडणीत ही चूल चपखल बसते. खाणीतला कोळसा काढला की संपतो, शेतातलं पीक दरवर्षी पुन्हा येतं, आणि गावाचं अर्थकारण दुसऱ्या प्रकारच्या साधनांवर उभं राहावं, असं ते मांडत. समुद्रपूरच्या काळ्या जमिनीत कपाशी आणि तूर निघाली की पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग घराशेजारी लागतात. हे जळतण फुकटचं आणि दरसालचं. (पऱ्हाटी पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नये, असं कृषी विभाग सांगतो, कारण वाळलेल्या बोंडांत गुलाबी अळी दडून राहते.)

पुढे हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी हाच विचार अधिक मोजून-मापून केला. बिनधुराच्या स्वयंपाकघरावरचं त्यांचं पुस्तक १९५३ मध्ये निघालं. ऐंशीच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहाएक टक्के भांड्याला लागते. बांधीव सुधारित चुलीने निदान वीस टक्के द्यावी, अशी अट होती. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या आणि २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम थांबवला.

म्हणून आपल्यासमोरची चूल कोणत्या काळातली, हे आधी ओळखावं. सगळी मातीची, हाताने घडवलेली, कडा गोलसर आणि आतली वाट जरा वेडीवाकडी असेल, तर ती मगन चुलीच्या परंपरेतली म्हणता येईल. मात्र मातीची चूल दरवर्षी नव्याने थापली जाते, त्यामुळे नेमकं वय तिच्या अंगावरून काढता येत नाही. आत भाजलेल्या मातीचं तयार अस्तर किंवा साच्यात ओतलेला सिमेंटचा गाभा, तळाशी बिडाची जाळी आणि तीन इंची सिमेंटची नळी असेल, तर ती सरकारी कार्यक्रमातली. पुण्याच्या 'आरती' संस्थेने पुढे आणलेली 'लक्ष्मी' याच जातीची.

मग इतक्या चुली पडल्या का? माझं मत स्पष्ट आहे: चूल बांधून देणारा आला, दुरुस्त करणारा आला नाही. लहान तोंडात लांब पऱ्हाटी मावत नव्हती, म्हणून बायांनी तोंड फोडून मोठं केलं. तव्यावरची भाकर चुलीपुढच्या निखाऱ्यावर उभी करून फुगवायची असते. बंद चुलीत त्याला जागाच नव्हती. यात बायांची चूक मुळीच नव्हती. त्यांना विचारून मापं घेतली असती, तर तोंड तेवढंच राहिलं असतं का? काजळीचंही तेच झालं. तीन इंची नळीत चोहोबाजूंनी अर्धा इंच काजळी साचली, की धुराची वाट निम्म्याहून कमी उरते. मग सगळा धूर घरात येतो आणि दोष चुलीला लागतो.

दुरुस्ती अवघड नाही. आधी राख उपसावी, दोन भोकांमधली वाट हाताने चाचपून मोकळी करावी. तडे ओले करून बुजवावेत. माती पांढरीची घ्यावी. नुसती काळी माती वाळताना आक्रसून पुन्हा तडकते. चाळलेली माती, शेण आणि गव्हांडा एकत्र भिजवून काही दिवस मुरू द्यावा. मातीच्या चुलीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. उष्णतेने दोघांचं फुगणं सारखं नसतं, गिलावा सुटतो. बिडाची जाळी मोडली असेल तर लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची करून घेता येते.

नळीबाबत मात्र सावध राहा. त्या काळच्या पुष्कळ सिमेंटच्या नळ्यांत अॅसबेस्टॉस असे. ती कापू, घासू किंवा फोडू नका. तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओली करून अखंड उतरवा आणि पत्र्याची नवी नळी छपराच्या वर दोन फूट जाईल अशी बसवा. चूल सावलीत वाळली की पहिले काही दिवस मंद जाळ करा. शेवटी तोंडापाशी उदबत्ती धरून पाहा: धूर आत ओढला गेला, तर चूल चालू झाली.

गॅस आल्यावर हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. सिलिंडर घरात असूनही आंघोळीचं पाणी आणि गुरांचं आंबोण चुलीवरच होतं, हे या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जाळ पेटणारच असेल, तर तो धुराड्याखाली पेटावा.

समुद्रपूर, गिरड, जाम या बाजूला कोणाच्या घरी अशी जुनी चूल असेल, तर पाडण्याआधी तिची मापं घ्या, फोटो काढा, ती कोणी आणि कधी बांधली हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा आणि वर्ध्याच्या मगन संग्रहालयाला कळवा.